कर्नलवरून देवापर्यंत

दुपारी ऑनलाइन एका अनोळखी माणसाशी कॉम्प्युटरवर लिनक्स की विंडोज यावरून जुंपली. मी एवढंच म्हटलं, की अँड्रॉइड फोनसुद्धा लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यावर, चालतो. त्यावर साहेब म्हणतात, "तुमच्यासारख्यांमुळेच देश मागे आहे." तिसऱ्या उत्तरात माझं मत कुणाला, पाचव्यात माझा देव कोणता! १९९२ साली प्राध्यापक टॅनेनबॉम आणि लिनक्सचा जनक टॉरवाल्ड्स याच कर्नलवरून भांडले होते, पण ते निदान कर्नलवरच भांडले.

मीही काही कमी नाही म्हणा. एका हाताने टाइप, दुसऱ्यात उलथनं. "अरे, पोळी जळतेय!" आई आतून ओरडली, तेव्हा तव्यावर कोळसाच उरला होता.

मग त्याचं प्रोफाइल उघडलं. नातीला कडेवर घेतलेला फोटो, हसरा चेहरा.

माझं सहावं उत्तर अजून अर्धवट टाइप केलेलं आहे. चांगलंच खोचक जमलंय.