तुम्ही विचारलंत म्हणून: माझे खेळणे लग्नाने थांबवले नाही

मला सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न असा आहे की, 'मॅडम, लग्नानंतर घरच्यांनी कबड्डी खेळू दिली नाही म्हणून तुम्ही प्रशिक्षक झालात का?' सत्काराच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक हे विचारतात, नव्या मुलींचे पालक विचारतात, आणि अलीकडे मुलाखतीसाठी आलेल्या एका वार्ताहर मुलीने तर प्रश्नाबरोबर उत्तरही लिहून आणले होते. मी फक्त मान हलवायची बाकी होती. या प्रश्नात माझ्या सासूबाईंचा जो अपमान होतो तो मला आता सहन होत नाही. त्या माझ्या सामन्यांना लिंबू सरबताची बाटली आणि ओला पंचा घेऊन बसत, आणि पंचांचा निर्णय माझ्याविरुद्ध गेला की प्रेक्षकांत सर्वांत मोठा आवाज त्यांचा असे. सासरे गिरणीत होते आणि तरुणपणी लालबागच्या मातीत खेळलेले होते. लग्न ठरवताना त्यांनी माझ्या वडिलांना एकच गोष्ट विचारली होती, 'मुलगी कोपऱ्यात खेळते की मध्ये?'

तेव्हा लग्नाचे कारण इथेच बाजूला ठेवावे. मात्र खरे कारण मीही कधी सांगितलेले नाही, हेही मान्य करायला हवे. 'अंतिम सामन्यात गुडघा गेला' एवढे सांगून मी विषय संपवत आले. एकदा व्यासपीठावरून 'खेळाचे ऋण फेडण्यासाठी शिकवते' असेही म्हणाले आणि टाळ्या घेतल्या. पहिले विधान खोटे आहे, आणि दुसरे केवळ बोलायला बरे वाटते म्हणून केलेले आहे.

हकीकत २०१० सालच्या फेब्रुवारीतील आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये चीनमधील ग्वांगझू येथे आशियाई खेळांत महिलांची कबड्डी प्रथमच होणार होती. पुरुषांची कबड्डी १९९० च्या बीजिंगपासून तिथे होती. आमच्यासाठी मध्ये वीस वर्षे गेली होती, आणि त्यात माझ्याहून चांगल्या कितीतरी खेळाडू वय होऊन घरी बसल्या होत्या. मी सव्वीस वर्षांची होते. त्या अंतिम सामन्याच्या तीन आठवडे आधी सरावात माझा डावा गुडघा जागेवरून सरकला. डॉक्टरांनी सांगितले की लिगामेंट तुटले आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यानंतर नऊ महिने मैदान विसरावे लागेल. दवाखान्याचा जिना उतरताना मी बोटांवर महिने मोजले. बरोबर माझे पती होते. त्यांनी माझ्या कबड्डी मंडळाला कळवण्याचा आग्रह धरला, आणि मी त्यांना शपथ घालून गप्प बसवले. माझी राज्याच्या संघातली जागादेखील पक्की नव्हती, ग्वांगझू तर फार दूरची गोष्ट, हे आज मला स्पष्ट दिसते. त्या वेळी दिसत नव्हते असे मात्र नाही. मी तिकडे पाहायचे टाळत होते.

मी डाव्या कोपऱ्यात खेळत असे आणि घोटा पकडणे हे माझे काम होते. ही पकड हातांची आहे असे बघणाऱ्याला वाटते, परंतु ती मुळात थांबण्याची आहे. कोपऱ्यातली खेळाडू दोन्ही गुडघ्यांत वाकून, जवळजवळ बसल्यासारखी, चढाईपटूच्या पुढच्या पायावर पूर्ण वजन येण्याची वाट पाहते. तो पाय नुसती हूल असेल तर तिला त्याच क्षणी मागे सरकावे लागते, आणि ते सरकणे सगळे गुडघ्यावर असते. शेजारच्या खेळाडूचा हात तिच्या हातात असतो. आमच्या जोडीची खूण ठरलेली होती: मी बोटे दोनदा दाबली की जायचे, दाबली नाहीत तर जायचे नाही. शेजारी एकोणीस वर्षांची मुलगी खेळत होती, आणि पुढच्याच आठवड्यात तिची नोकरीसाठीची निवड चाचणी होती.

सामना रात्रीचा होता. मैदान मातीचे, महिलांच्या मापाचे, १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, संध्याकाळी पाणी मारलेले. नी-कॅपच्या आत मी क्रेप बँडेज घट्ट गुंडाळले होते. पहिला डाव मी जवळजवळ काहीच न करता काढला, आणि लोकांना तो संयम वाटला. शेवटची चढाई त्यांची होती आणि आम्ही १९-१८ असे पुढे होतो. मैदानात आम्ही सहाजणी असल्यामुळे त्यांना बोनस, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टाकून मिळणारा एक गुण, खुला होता. पण तो गेला असता तरी फक्त बरोबरी झाली असती. बाहेरून आमचे सर ओरडत होते, 'सोडा, सोडा, मागे राहा!' ते मला स्वच्छ ऐकू येत होते.

त्यांच्या चढाईपटूने उजवा पाय बोनस रेषेकडे टाकला. ती हूल होती. आजही डोळे मिटले की मला तिचे मागच्या पायावर ठेवलेले वजन दिसते. मी मागे सरकायला हवे होते. पण मागे सरकताना गुडघा निसटेल आणि मी सगळ्यांसमोर बसकण मारीन, ही भीती त्या पायापेक्षा मोठी होती, म्हणून मी पुढे झेपावले. बोटे दाबली नाहीत. हाती घोटा न येता टाच आली. माझ्या झेपेबरोबर शेजारची मुलगी हाताने खेचली गेली, आणि मी आत शिरल्याचे पाहून तिने स्वतःला चढाईपटूच्या कमरेवर झोकून दिले. पाठोपाठ कव्हर, म्हणजे आतल्या बाजूची बचावपटू, हीही आली. चढाईपटू आम्हा तिघींना ओढत मधल्या रेषेपर्यंत गेली आणि तिची बोटे पलीकडे टेकली. तीन गुण, १९-२१. आम्ही एकमेकींवरून बाजूला झालो तेव्हा ती मुलगी उजवा कोपर डाव्या हातात धरून उभी होती आणि पंचांना विचारत होती, 'सर, हात नक्की पोचला का?' तिचे कॉलरबोन मोडले होते. चाचणी गेली.

अतिउत्साह नडला, असे सगळे म्हणाले. मी लंगडत बाहेर आले होते, त्यामुळे गुडघा त्याच पकडीत गेला असे लोकांनी आपसूक ठरवले, आणि मी ते ठरवू दिले. मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबरमध्ये आपल्या मुलींनी ग्वांगझूला सुवर्णपदक जिंकले तेव्हा मी कार्यालयात पेढे वाटले.

आता प्रश्नाच्या उत्तराकडे येते. गुडघा बरा झाला. २०११ मध्ये मी मंडळाकडून दोन सामने खेळले, आणि दोन्ही सामन्यांत मी साखळीतला हात सैल धरला आहे असे शेजारच्या मुलीच्या लक्षात आले. 'ताई, हात नीट धर ना,' ती म्हणाली. मला तो धरता येईना. तिसऱ्या सामन्याला मी गेले नाही. एवढेच कारण आहे, आणि ते सांगायला लाज वाटते, कारण त्यात ना सासर येते ना नशीब.

प्रशिक्षक होण्यामागेही काही उदात्त नव्हते. खेळाडू म्हणून कार्यालयातून सरावासाठी लवकर निघायची सवलत होती. ती गेल्यावर संध्याकाळी सहापर्यंत त्याच खुर्चीत बसणे मला जमेना. मंडळाच्या किशोरी गटाला कोणी नव्हते, म्हणून मी शिट्टी घेतली. पुढे पतियाळाला एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला. शिट्टी वाजवली की चौदा मुली जागच्या जागी थांबतात याचे सुख मला पहिल्याच आठवड्यात कळले, हेही नोंदवून ठेवते. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत इराणच्या मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले आणि त्यांच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या, तेव्हा आपण हरल्याचे दुःख आणि एका मराठी बाईचा अभिमान यांच्या जोडीला मला साधा मत्सरही वाटला. 'तुम्ही का नाही गेलात बाहेर?' हा तुमचा दुसरा आवडता प्रश्न तेव्हापासून सुरू झाला. मला कोणी बोलावले नाही, हे त्याचे उत्तर आहे.

प्रत्येक सामन्याआधी मी मुलींना एका पायावर बसून उठायला लावते. जिचा गुडघा आत वळतो ती बाहेर बसते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीला मी अशीच राज्य स्पर्धेत बाहेर बसवली. संघ हरला, पदक गेले, आणि पदकाबरोबर शासकीय नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी लागणारे तिचे प्रमाणपत्रही गेले. नंतर काढलेल्या एमआरआयमध्ये थोडी सूज सोडल्यास काही निघाले नाही. तिची आई घरी येऊन म्हणाली, 'मॅडम, तुम्ही तिचा गुडघा बघितलाच नाहीत, तुमचा बघितलात.' सावधगिरी, वैद्यकीय सल्ला वगैरे मी बरेच बोलले. त्यातले एकही वाक्य चूक नव्हते, आणि एकाही वाक्याने तिच्या म्हणण्याला उत्तर मिळत नव्हते.

सव्वीस वर्षांच्या स्वतःशी मी अधूनमधून भांडते. मी तिला म्हणते की, तू सांगायला हवे होतेस, राखीव खेळाडू तयार बसली होती. ती म्हणते की, तुझी नोकरी पक्की आहे, पेन्शन ठरलेली आहे, आता तुला खरे बोलणे स्वस्त पडते. आणि तुझ्यासारखी प्रशिक्षक मला मिळाली असती तर तुझ्यासमोरही मी दात-ओठ खाऊन एका पायावर बसून दाखवले असते. हे तिचे खरे आहे. आजही माझ्यासमोर बसून उठणाऱ्या मुलींपैकी किती जणी तसेच करतात, हे मला ओळखता येत नाही.

ती एकोणीस वर्षांची मुलगी आज पोळीभाजी केंद्र चालवते. सामने असले की ती येते आणि समोरच्या बाजूला बसते. एकदा तो विषय निघाला तेव्हा मी बोटे न दाबल्याबद्दल तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, 'ताई, तू दाबली नसतीस तरी मी आलेच असते, तू आत गेली होतीस ना.' त्या वेळी गुडघ्याचे तीन आठवडे मी तिला सांगायला हवे होते, परंतु तिच्या दुकानात गिऱ्हाईक आले आणि मी उठले. तिला हे आता इथेच वाचायला मिळेल.