सगळ्या कागदांवर पन्नास

एप्रिलच्या उन्हात रावेर तालुक्यातल्या एका गावी केळी उत्पादकांसाठीचं अ‍ॅप तपासायला गेलो होतो. लागवडीची तारीख नोंदवली की खत-पाण्याचं वेळापत्रक मिळतं. कंपनीला माझ्याकडून एकच आकडा हवा होता, एसयूएसचा (सिस्टिम युजेबिलिटी स्केल), म्हणजे अ‍ॅप वापरायला किती सोयीचं वाटतं त्याचा.

जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये केलेली ही दहा वाक्यांची प्रश्नावली. ‘वापरायला सोपं वाटलं’, मग ‘उगाच किचकट वाटलं’, अशी सुलट-उलट वाक्यं एकाआड एक. प्रत्येकाला १ ते ५, त्यावरून शंभरपैकी गुण. ६८ च्या आसपास म्हणजे सरासरी.

संध्याकाळी हिशेब करायला बसलो, तर एकामागून एक कागद बरोबर ५०! बघतो तर वरपासून खालपर्यंत पाच, पाच, पाच. सगळ्यालाच ‘पूर्ण सहमत’ म्हटलं की सुलट वाक्यांचे प्रत्येकी चार गुण मिळतात, उलट वाक्यांचा शून्य. एकूण चाळीसपैकी वीस; शंभरात बसवायला गुणिले अडीच, पन्नास. अ‍ॅप कसंही असो.

ओट्यावर बसलेल्या नानांना विचारलं. म्हणाले, “तुम्ही एवढ्या उन्हात आमच्या बांधावर आले भाऊ, तुम्हाला नाही कसं म्हणायचं?”

याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हेच नाना ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह एकटे सांभाळतात.

खरं काय ते दुपारीच दिसलं होतं. त्यांना कांदेबागेची, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास लावलेल्या केळीची, लागवड नोंदवायला सांगितली होती. कॅलेंडर उघडलं ते चालू महिन्यावर. मागच्या ऑक्टोबरात जायला वरच्या कोपऱ्यात फिकट करड्या रंगाचा बारीक बाण, उन्हात दिसेचना. केळीच्या चिकाने काळं पडलेलं बोट बाणाऐवजी खालच्या तारखेवर पडायचं आणि खिडकी बंद व्हायची. पुन्हा तेच. वर्षावर बोट ठेवलं की थेट वर्ष बदलता येतं, हे गावात कुणालाच सापडलं नाही. शेवटी नानांनी आजचीच तारीख राहू दिली. अ‍ॅपने हिरवी खूण दाखवली: ‘नोंद यशस्वी’.

म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर काम फत्ते, आणि सहा महिन्यांच्या बागेला वेळापत्रक मात्र नुकत्याच लावलेल्या रोपांचं.

आयएसओ ९२४१-११ हे मानक उपयोगिता तीन अंगांनी बघायला सांगतं: काम नेमकं झालं का, किती वेळ-कष्टात झालं, आणि माणूस समाधानी आहे का. आम्ही तिसरंच मोजत होतो, तेही पाहुणचारात बुडालेलं.

अहवालात एसयूएसचा आकडा मी दिलाच नाही. पहिल्या पानावर लिहिलं, खरी तारीख किती जणांची नोंदली गेली. खाली मागणी: आधी वर्ष, मग महिना, दोन्हींची बटणं अंगठ्याएवढी, आणि जतन करण्याआधी ‘तुमची बाग आज किती महिन्यांची?’ हा एक प्रश्न.