‘मग घर वाचलं का?’ : लॉ कॉलेजच्या शिबिराचा माझा अनुभव

कॉलेजच्या विधी सेवा कक्षाचं, म्हणजे लोकांना फुकट कायदेशीर मदत देण्याचं, काम माझ्या गळ्यात पडलं ते मीटिंगला उशीर झाल्यामुळे. सकाळचं कॉलेज, ते सुटलं की तडक ऑफिस, अशी माझी तीन वर्षांच्या एलएलबीची कसरत. त्या दिवशी हार्बर लाइन रखडली. मी पोहोचेपर्यंत सगळ्यांनी आपापली कामं वाटून घेतली होती आणि उरला होता २६ नोव्हेंबरचा संविधान दिन.

बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक लॉ कॉलेजात विधी सेवा केंद्र असावं लागतं. आमच्याकडेही होतं. एक खोली, एक कपाट आणि जुन्या शिबिरांचे अल्बम. फोटोंत बॅनर, शाल, श्रीफळ, पाहुणे. ज्यांच्यासाठी शिबिर, ते लोक मात्र शोधावे लागत.

आमच्या वर्गातला एक जण गोवंडीचा. शिबिर आमच्या वस्तीत घेऊ, असं तो म्हणाला. सरांना कॉलेजचा हॉल सोडवेना. शेवटी तोडगा निघाला : शनिवारी हॉलमध्ये चर्चासत्र, रविवारी वस्तीतल्या समाजमंदिरात शिबिर. त्या वर्षी २६ तारीख रविवारीच आली होती.

मग पत्रं. कॉलेजच्या परवानगीचं, मोफत वकील पुरवणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यांच्या पॅनेलवरचे वकील मागणारं, लाउडस्पीकरसाठी पोलिसांना. पहिलं पत्र परत आलं, कारण त्यावर जावक क्रमांक नव्हता. दोन वर्षं कायदा शिकले, पण जावक क्रमांकाचं महत्त्व कुणी शिकवलं नव्हतं. पोलिसांकडे कळलं की २६/११ च्या बंदोबस्तामुळे त्या दिवशी माणसं मोकळी नाहीत. लाउडस्पीकरचा नाद सोडला. समाजमंदिर तेवढं मोठं नव्हतंच.

पत्रकावर आम्ही छापणार होतो ‘कायदेविषयक जनजागृती शिबिर, सकाळी ११’. मित्राच्या आईने ते वाचलं आणि परत दिलं. ‘अकराला बाया कामावर असतात. रविवारी तर मालकिणी जास्तीचं काम काढतात. चारनंतर ठेवा. आणि हे जनजागृती काय? फुकट वकील कसा मिळतो ते लिहा ना.’ तसंच लिहिलं.

शनिवारच्या चर्चासत्राचा विषय होता ऑल्गा टेलिस खटला. १९८१ साली पावसाळ्यात मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांना हुसकावण्याचं ठरलं, त्याविरुद्ध पत्रकार ऑल्गा टेलिस आणि इतर सुप्रीम कोर्टात गेले. जुलै १९८५ मध्ये निकाल लागला : उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग. परीक्षेत आम्ही एवढं लिहितो आणि मार्क मिळवतो. आमच्या वक्त्या मुलीनेही इथवर फार सुंदर मांडणी केली. टाळ्या झाल्या.

वस्तीतून आठ-दहा बायका आल्या होत्या. त्यातल्या एक मावशी उठल्या. ‘मग घर वाचलं का त्यांचं?’

हॉल गप्प. उत्तर सरांना द्यावं लागलं. नाही वाचलं. पालिकेला अतिक्रमण हटवण्याचा अधिकार आहे, असंच कोर्टाने म्हटलं. फक्त पावसाळ्यात नको, म्हणून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत हात लावू नका, असं सांगितलं. आणि १९७६ च्या झोपड्यांच्या गणनेत ज्यांची नोंद होती, त्यांना पर्यायी जागा द्यायची.

‘म्हणजे पावसाळा काढू दिला,’ मावशी म्हणाल्या. ‘आणि कागद होता त्यांना जागा.’

त्या खटल्याचं इतकं नेमकं सार मी कुठल्या गाईडमध्ये वाचलेलं नाही. राहिलेली दोन भाषणं मी तिथल्या तिथे वीस मिनिटांत आवरायला लावली. त्याचा राग एका वक्त्याच्या मनात अजून आहे.

रविवारी चारला कुणी नव्हतं. साडेचारला जागा पुरेना. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकची पिशवी : रेशनकार्ड, लाइटबिलं, फोटोपास म्हणजे झोपडीधारकाचं ओळखपत्र, कुणाकडे मुलाचा शाळेचा दाखला. बहुतेकांचा प्रश्न एकच, परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनात घर मिळायला पात्र असलेल्यांच्या यादीत, आमचं नाव येईल का? १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा असला तर पुनर्वसनाचं घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतचा असला तर पैसे भरून. एका बाईंकडे बिलं सगळी होती, पण नवऱ्याच्या नावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं. घर कुणाचं, यावर कुणाचा वादच नव्हता. अडलं होतं ते एका ‘एच’वर.

आमच्याकडे वकिलीची सनद नाही, त्यामुळे सल्ला पॅनेलवरच्या मॅडमच देत होत्या. आम्ही नोंदी करायच्या, अर्ज लिहायचे. मॅडमनी दोनच सूचना दिल्या. कुणाचाही मूळ कागद आपल्याकडे ठेवून घ्यायचा नाही. आणि ‘तुमची केस होऊन जाईल’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही.

शनिवारच्या त्या मावशी सगळ्यांत शेवटी बसल्या. घर मोडल्यासारखंच होतं, पण पालिकेमुळे नव्हे. नवरा चार वर्षांपूर्वी निघून गेला होता, त्यांना पोटगी हवी होती. मोफत वकिलासाठीचा अर्ज मी भरला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाई असणं एवढं पुरेसं आहे, मिळकतीची अट तिला लागूच नाही. अनुसूचित जाती-जमातीची माणसं, मुलं, अपंग, कोठडीतला माणूस, यांनाही नाही. तरी एका कार्यालयातल्या खिडकीवर त्यांना सांगण्यात आलं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणा. त्यासाठी त्यांनी कामावर दोन खाडे केले. तिसऱ्यांदा मी बरोबर गेले, कलमाची झेरॉक्स काचेखालून सरकवली. आतल्या माणसाने ती वाचली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. भांडायची तयारी करून गेले होते, ती वाया गेली.

इकडे कॉलेजला अहवाल हवा होता. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी जिओ-टॅगचे, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो आणि ‘लाभार्थी संख्या’. उपस्थिती ६३, अर्ज ५. सरांना वाटलं, पाचाचा आकडा बरा दिसत नाही. मी दोन्ही आकडे लिहिले.

वकील नेमल्याचं पत्र आलं, मग तारीख पडली. फॅमिली कोर्ट, वांद्रे-कुर्ला संकुल. आदल्या रात्री मावशींचा फोन. कुर्ल्याला उतरून बस कुठून, हे विचारून झालं, तरी फोन ठेवेनात.

‘सगळी पिशवी घेऊन जाऊ का गं?’

‘हो मावशी, सगळी. आणि मुळातल्या कागदांच्या झेरॉक्स काढल्यात ना?’

‘दोन-दोन काढल्या,’ म्हणाल्या.