चायनीज वही, डेल्फ्ट : चौदाव्या महिन्याची नोंद

मंडळी, मागची नोंद टाकून पाच महिने झाले. "वही बंद केलीस का?" असं दोघातिघांनी विचारलं. नाही केली. वहीही भरतेय आणि आम्हीही भरतोय.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. मी मूळची सावंतवाडीची, नोकरीची आठ वर्षं पुण्यात, गेले चौदा महिने नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला. छंद एकच: चांगलं चिनी जेवण शोधायचं, खायचं, जमलं तर घरी करून बघायचं आणि लिहून ठेवायचं. मी मासे, कोंबडी खाते, बीफ आणि पोर्क नाही. नवरा शाकाहारी, अंडं चालतं. एवढी पथ्यं घेऊन चिनी जेवणाच्या मागे लागणं म्हणजे सोवळं नेसून मासळीबाजारात जाण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. तरीही आजवर २७ ठिकाणं झाली. त्यातल्या चारच ठिकाणी आम्ही पुन्हा पुन्हा जातो.

सुरुवातीची फजिती मागे एकदा ओझरती सांगितली होती, आता नीट सांगते, कारण इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाची ती होतेच. पहिल्याच आठवड्यात एक जुनी पाटी दिसली: 'चिनेस-इंडिश रेस्टोराँ'. मी सायकलवरून उतरलेच. चायनीज आणि इंडियन, एकाच पाटीवर! डोळ्यांसमोर कर्वेनगरातली गाडी आली. मंचुरियन, ट्रिपल शेजवान, वर फुकटचं सूप. त्याच संध्याकाळी नवऱ्याला घेऊन गेले. मेनूत दीडशे पदार्थ, प्रत्येकाला नंबर, आणि मंचुरियनचा पत्ता नाही. शेवटी त्याच्यासाठी भाज्या घातलेला 'बामी' घेतला, म्हणजे परतलेल्या नूडल्स, आणि काउंटरवरच्या काकूंनी आग्रह केला म्हणून माझ्यासाठी 'बाबी पांगांग'. घरी येऊन डबा उघडला. लालभडक गोड सॉस, खाली लोणच्यातली कोबी, मध्ये मांसाचे काप. कोंबडीचे तर दिसेनात. मग शोधलं: बाबी म्हणजे मलय भाषेत डुक्कर. रात्री आम्ही दोघांनी एक बामी वाटून खाल्ला.

डचमध्ये 'इंडिश' म्हणजे भारतीय नव्हे. भारतीय असेल तर 'इंडियास' म्हणतात. 'इंडिश' म्हणजे जुन्या डच ईस्ट इंडीजचं, आजच्या इंडोनेशियाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि विशेषतः १९४९ मध्ये इंडोनेशियाची सत्ता सोडावी लागल्यावर तिकडून हजारो लोक आणि सैनिक इथे आले. जिभेला तिकडची सवय लागलेली. इथल्या कँटनी, म्हणजे दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग-हाँगकाँगकडच्या, हॉटेलवाल्यांनी ते ओळखलं आणि आपल्या मेनूत नासी (परतलेला भात), बामी, साते (काडीवर भाजलेलं मांस), लुम्पिया (स्प्रिंग रोल) घातले. चव डच गिऱ्हाइकाला झेपेल अशी गोड केली, ढीगभर वाढलं आणि प्रत्येकाला "सांबाल (मिरचीचा ठेचा) हवा का?" विचारायला सुरुवात केली. गावोगावी अशी हॉटेलं झाली. २०२१ मध्ये तर या चिनी-इंडिश हॉटेलसंस्कृतीची नोंद देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाली. आपल्याकडे कोलकात्याच्या हक्का मंडळींनी आणि मुंबईच्या हॉटेलांनी आपल्या जिभेसाठी जे केलं, तेच इथे डच जिभेसाठी झालं. म्हणून त्या पाटीवर माझा आता राग नाही. फक्त माझी वही त्यासाठी नाही.

(इथलं सगळ्यात जुनं चिनी खाणं मात्र मला घरच्यासारखं वाटतं. रॉटरडॅमच्या काटेंड्रेख्त भागात १९११ च्या संपात जहाजांवर काम करायला चिनी खलाशी आणले गेले आणि तिथे चिनी वस्ती झाली. १९३० च्या मंदीत काम गेल्यावर ते रस्त्यावर शेंगदाण्याच्या वड्या विकू लागले. भाजलेले दाणे आणि साखरेचा पाक. लोणावळ्याच्या चिक्कीची चुलतबहीणच म्हणायची.)

आता मुख्य मुद्दा. पहिल्या सहा महिन्यांत मी सहा ठिकाणी मापो तोफू, म्हणजे झणझणीत लाल सॉसमधला मऊ तोफू, मागवला आणि सहाही वेळा हिरमुसून परत आले. पिवळट सॉस, कडक तोफू, वर मटार. एका ठिकाणी तर केचप होतं, मी चाटून खात्री करून घेतली. मला वाटलं, इथे चांगलं चिनी मिळतच नाही. ऑफिसात एक चेंगदूची, म्हणजे सिच्वान प्रांताच्या राजधानीतली मुलगी आहे, तिच्याकडे तक्रार केली. तिने कुठे कुठे खाल्लंस ते विचारलं. मी यादी सांगितली. द हेगच्या वागेनस्ट्राटवर तीन, रॉटरडॅमला दोन, इथे एक. ती हसायला लागली. म्हणाली, "ही सगळी कँटनी हॉटेलं आहेत. तिथे भाजलेलं बदक खायचं, डिमसम खायचे. मापो तोफू आमचा."

म्हणजे मी मालवणी खानावळीत बसून पुरणपोळी मागवत होते आणि गोड नाही म्हणून रडत होते. 'चायनीज' हा शब्द आपण इतका सहज वापरतो की मागे केवढा देश आहे ते विसरतो. इथली जुनी चिनी मंडळी मुख्यतः ग्वांगदोंग, हाँगकाँग आणि झेज्यांगकडची. गेल्या वीसेक वर्षांत मुख्य भूमीवरून विद्यार्थी आले. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठात तर चिकार आहेत. त्यांच्यासोबत सिच्वान, हुनान, शीआन, लान्जो यांची छोटी छोटी दुकानं आली. या नव्या दुकानांची पाटी बहुधा साधी, जागा चिंचोळी. म्हणून ती मला दिसतच नव्हती. तेव्हापासून दारात शिरताना पहिला प्रश्न: आचारी कुठला? उत्तर मिळालं की मगच मेनू उघडायचा.

दुसरी मोठी सुधारणा म्हणजे चिठ्ठी. त्याच मुलीने माझ्या फोनवर चिनी लिपीत लिहून दिलं: मांस नको, ऑयस्टर सॉस नको, चिकन पावडर नको, अंडं चालेल, तिखट कमी करू नका. यातलं चिकन पावडरचं कलम शाकाहाऱ्यांनी सोन्याने मढवून ठेवावं. नुसत्या कोबीच्या भाजीतही ती असते आणि 'व्हेज आहे ना?' या प्रश्नाला हसून 'हो' मिळतं, कारण त्यांच्या मते ते मीठच आहे. चिठ्ठी दाखवल्यावर एका ठिकाणी आचारी स्वतः बाहेर आला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. पुढचा अर्धा तास मी पाणी पीत होते, पण त्याने माझा मान राखला.

सध्या प्रत्येक सिच्वानी ठिकाणी तीनच पदार्थ मागवते, म्हणजे तुलना होते. मापो तोफू, सुकी परतलेली फरसबी आणि टोमॅटो-अंडं. फरसबीची साल सुरकुतलेली, डागाळलेली हवी आणि ताटलीत पाणी सुटता कामा नये. टोमॅटो-अंडं पुष्कळदा मेनूत नसतं, मागून घ्यावं लागतं. तो चीनभर घराघरांत होणारा पदार्थ. आपल्या भुर्जीहून वेगळा: अंडं आधी मऊ परतून बाजूला काढतात, टोमॅटोचा रस चिमूटभर साखरेसोबत आटवतात आणि शेवटी दोन्ही एकत्र करतात. त्यात लपायला जागा नाही. ज्याला ते जमत नाही त्याच्याकडे पुढचं काही मागवायचं नाही.

घरच्या आघाडीवर मापो तोफू अकराव्या खेपेला जमला. डोक्यात घोळ होता तो दोउबानज्यांगचा, म्हणजे फावा बीन्स आणि मिरच्या आंबवून केलेल्या लाल ठेच्याचा. पाकिटावर 'पीश्येन' हे गाव बघून घ्या. मी तो आधी सॉससारखा शेवटी घालत होते. चूक. आच मध्यम ठेवून तो तेलात आधी परतायचा, अगदी मिसळीच्या कटाला मसाला परततो तसा, तेल लालभडक होऊन वर सुटेपर्यंत. ते लाल तेल म्हणजे त्यांची तर्री. तिथे घाई केली की पदार्थ संपला. मग आलं, लसूण, आंबवलेले काळे सोयाबीन, पाणी आणि मिठाच्या गरम पाण्यात आधी ठेवलेला मऊ तोफू. डावाने ढवळायचं नाही, कढई हलवायची. कॉर्नफ्लॉवरचं पाणी एकदम न ओतता तीनदा, थोडं थोडं. खिम्याच्या जागी मी शिताके मशरूम बारीक चिरून कुरकुरीत करून घालते. नवरा गपचूप दोनदा वाढून घेतो.

नावाची गंमत: मापो म्हणजे तोंडावर देवीचे व्रण असलेली म्हातारी. एकोणिसाव्या शतकात चेंगदूला चेन घराण्याची अशी एक बाई खानावळ चालवायची, तिचा हा पदार्थ. आणि व्रणांसाठीचं जे 'मा' अक्षर, तेच जीभ बधिर होण्यासाठीही. 'माला' या बधिर-तिखट चवीच्या नावातलं 'मा' तेच. 'ला' म्हणजे तिखट.

बधिरतेवरून तिरफळाचा प्रयोग सांगायचाच आहे, त्यासाठीच खरं तर ही नोंद लिहायला बसले. सिच्वानी मिरी, ह्वाज्याओ, ही मिरी नाहीच. ती आपल्या तिरफळाच्या कुळातली. तशीच उकललेली टरफलं, आत तेच काळं कुळकुळीत बी, जे आपणही फेकतो आणि तेही फेकतात. आईने सावंतवाडीहून पाठवलेली पुडी फ्रीजमध्ये होती. एका रविवारी दोन वाट्यांत मापो तोफू केला. एकात ह्वाज्याओ भाजून कुटून, दुसऱ्यात तिरफळं ठेचून.

ह्वाज्याओच्या वाटीत आधी वास, मग मिनिटभराने ओठांवर विजेची तार फिरवल्यासारखी झिणझिण. तिरफळाच्या वाटीत झिणझिण कमी, पण संत्र्याच्या सालीचा, ओल्या लाकडाचा वास सगळीकडे. वाईट नव्हतं. अडचण अशी की तो वास नाकात गेला आणि माझं डोकं बांगडा शोधायला लागलं. डाव घालून तळ ढवळला, तिथे तोफूच. चेंगदूच्या मैत्रिणीला दुसऱ्या दिवशी डब्यातून नेलं. तिने दोन घास खाल्ले, थांबली आणि म्हणाली, "हा आमचा नाही. पण याची रेसिपी दे." आता तिला बांगड्याचं तिखलं करून घालायचं ठरलंय. इथे बांगडा मिळतो, डच 'माक्रेल'. आपल्यापेक्षा तेलकट आहे, पण चालतो.

कढईबद्दल दोन शब्द. भाड्याच्या घरात इंडक्शन आहे. सपाट बुडाची लोखंडी कढई घेतली, तेल लावून काळी करून घेतली. स्मोक अलार्म तीनदा वाजला, खालच्या आजी वर आल्या. तरीही कँटनी लोक ज्याला 'वोक हेइ' म्हणतात, तो कढईचा धुरकट श्वास, इंडक्शनवर येत नाही. एका वेळी एकच वाटी भात परतायचा, गर्दी करायची नाही, एवढंच हातात आहे. पुण्याच्या गाडीवरचा पोऱ्या प्रेशरच्या शेगडीवर फुरफुरत्या ज्वाळेत कढई उडवायचा. त्याचा सॉस काहीही असो, आग मात्र खरी होती. त्या आगीपुढे इथली अर्धी हॉटेलं फिकी.

लान्जोच्या ओढलेल्या नूडल्सचा प्रकल्प अजून अर्धवट आहे. रॉटरडॅमला एका दुकानात काचेमागे मुलगा गोळा ओट्यावर आपटतो, ओढतो, दुमडतो. आठ वेळा दुमडलं की २५६ तारा. तुम्ही जाडी सांगायची, केसासारखी ते पट्ट्यासारखी. त्यांचं सूप बीफचं, म्हणून मी सुक्या नूडल्स टोमॅटो-अंड्यासोबत आणि वर मिरचीचं तेल अशा मागते. पिठात ते पेंगह्वेई नावाची खारी पूड घालतात. पूर्वी ती एका झुडपाची राख असायची. हे कळल्यावर मला लगेच पापडखार आठवला. तो इथे मिळाला नाही, म्हणून खाण्याचा सोडा तासभर ओव्हनमध्ये भाजून त्याचा जहाल खार केला. (हाताला लावू नका, झोंबतो.) शंभर ग्रॅम पिठाला एक ग्रॅम. पीठ पिवळसर झालं, वास अगदी दुकानासारखा.

आजपर्यंतची मजल: चौथ्या घडीपर्यंत, म्हणजे १६ तारा. पाचवीला मधोमध तुटतं. काल तुटलेले तुकडे तसेच उकळून तूप-जिऱ्याची फोडणी दिली आणि दोघांनी वरणफळांसारखे खाल्ले. पीठ किती वेळ झाकून ठेवता, अर्धा तास की दोन, कुणी करून पाहिलं असेल तर सांगा. शनिवारी पुन्हा बसणार आहे.