ॲप असताना स्क्रिप्ट कशाला?

“टीव्हीचं ॲप आहे, स्पीकरचं आहे, मग पायथॉनमध्ये स्क्रिप्ट कशाला लिहिता?” घरातली उपकरणं मी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतल्या छोट्या प्रोग्रामने (स्क्रिप्टने) चालवते, म्हणून हा प्रश्न मला नेहमी येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. ॲपमध्ये कंपनीने ठेवली तेवढीच बटणं दिसतात. उपकरणाला खरोखर काय काय येतं, हे मला त्याच्याच तोंडून ऐकायचं असतं.

आणि ते सांगायला ते तयारच असतं. त्यासाठी बऱ्याच उपकरणांत यूपीएनपी नावाची पद्धत असते. घरातला एकेक आयपी पत्ता (उपकरणाचा नेटवर्कवरचा क्रमांक) ठोकून बघायची गरज नाही. २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट पत्त्यावर (जो अनेक उपकरणं एकाच वेळी ऐकतात), १९०० पोर्टवर (म्हणजे त्या क्रमांकाच्या दारावर), यूडीपीचं (पोच न मागता निरोप धाडायच्या पद्धतीचं) एक छोटं पॅकेट पाठवायचं. आत साध्या मजकुराच्या पाचच ओळी. पहिलीत ‘एम-सर्च’ म्हणजे ‘कोण कोण आहे?’, आणि पुढे एक ‘एमएक्स’ची ओळ, जिच्यात उत्तरासाठी किती सेकंद थांबणार ते लिहायचं. उपकरणं त्या मुदतीत आपापला वेळ यादृच्छिकपणे निवडून उत्तर देतात, म्हणजे सगळ्यांचा एकदम गलका होत नाही. वर्गात हजेरी घेतल्यासारखंच, फक्त इथे नावं आधी माहीत नसतात. यूडीपीत पॅकेट हरवू शकतं, म्हणून मी तेच पॅकेट दोन-तीनदा पाठवते.

खरी गंमत उत्तरात आहे. त्यात ‘लोकेशन’ नावाची ओळ असते, ती एका एक्सएमएल फाइलकडे (खुणा घालून मांडलेल्या मजकुराकडे) नेते. फाइलमध्ये उपकरणाचं नाव, बनवणारी कंपनी, मॉडेल आणि सेवांची यादी असते. प्रत्येक सेवेची पुन्हा वेगळी फाइल: कोणती कृती, तिला कोणती माहिती द्यायची, आवाज किती ते कितीच्या दरम्यान चालेल. आवाज बदलायचा तर ‘रेंडरिंग कंट्रोल’ सेवेच्या ‘सेट व्हॉल्यूम’ कृतीला एचटीटीपीवरून (वेबपानं ज्या पद्धतीने येतात तिच्यावरून) एक्सएमएलचा निरोप पाठवायचा. पायथॉनबरोबर येणारे सॉकेट, यूआरएललिब आणि एक्सएमएलचे मॉड्यूल एवढ्याला पुरतात. उपकरण स्वतःची पुस्तिका स्वतःच बाळगतं आणि मागेल त्याला देतं, ही रचना मला मनापासून आवडते.

सगळीच उपकरणं ही बोली बोलत नाहीत. प्रिंटर बहुधा एमडीएनएस या दुसऱ्या शोधपद्धतीवर सापडतात. त्याचा पत्ता २२४.०.०.२५१ आणि पोर्ट ५३५३. झोपलेला संगणक तर कशालाच उत्तर देत नाही. त्याला उठवायला (ही सोय त्यात चालू ठेवलेली असेल तर) सहा बाइट ‘एफएफ’ आणि पुढे त्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा सहा बाइटचा क्रमांक) सोळा वेळा, असं १०२ बाइटचं पॅकेट ब्रॉडकास्ट करायचं, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना पाठवायचं. पायथॉनमध्ये ही रचना एका ओळीत होते. काही बल्ब आणि प्लग मात्र फक्त कंपनीच्या सर्व्हरशीच बोलतात. असं उपकरण मी शक्यतो घेत नाही. सर्व्हर बंद झाला की ते निरुपयोगी होतं.

आता गंभीर बाजू. या यूपीएनपी पद्धतीत मुळात पासवर्डच नाही. माझी स्क्रिप्ट जे करते ते घरच्या वायफायवर आलेलं कोणीही करू शकतं. राउटरवर ही सोय चालू असेल, तर आतलं कुठलंही उपकरण ‘ॲड पोर्ट मॅपिंग’ कृती वापरून बाहेरच्या जगाला दार उघडून देऊ शकतं, आणि तुम्हाला कुणी विचारतही नाही. म्हणून मला वाटतं, दिवे लावण्याआधी स्क्रिप्टचा पहिला उपयोग राउटर काय उत्तर देतो ते पाहण्यासाठी करावा. तिथे ही सेवा दिसली आणि तिची गरज नसेल, तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा.

सुरुवातीला काहीच चालू-बंद करू नका. फक्त विचारा आणि आलेली उत्तरं छापा, तेही स्वतःच्याच नेटवर्कवर. एकही उत्तर आलं नाही तर आधी संगणकाचा फायरवॉल (बाहेरून येणारी पॅकेट अडवणारी सोय) पाहा. मग संगणक गेस्ट वायफायवर तर नाही ना, ते तपासा: तिथे उपकरणं सहसा एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असतात, आणि हे मल्टिकास्ट पॅकेट पलीकडे जात नाही.