आमची वाटचाल : दुसऱ्या लॉकपर्यंत

आम्ही गाड्यांतल्या तारा जोडणाऱ्या कपलरची प्लास्टिकची खोकी, म्हणजे हाउसिंग, बनवतो. भोसरी एमआयडीसीत आमचा पहिला गाळा भाड्याचा होता. वडील एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर. नव्वदच्या दशकात नोकरी सोडून त्यांनी हाताने चालवायची दोन मोल्डिंग मशीनं घेतली आणि जॉबवर्क सुरू केलं. साचा ग्राहकाचा, प्लास्टिकचा दाणा ग्राहकाचा, आपला फक्त मजूर आणि विजेचं बिल. ग्रोमेट, बल्बचे होल्डर, वायरिंगच्या क्लिपा. गुरुवारी एमआयडीसी बंद, म्हणून साच्यांची डागडुजी गुरुवारी. असं बरीच वर्षं चाललं. पोट भरत होतं, यापलीकडे त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कपलरकडे आम्ही वळलो ते एका हार्नेसवाल्या, म्हणजे गाडीच्या तारांचा बांधलेला जुडगा बनवणाऱ्या, ग्राहकामुळे. जुन्या दुचाकींत बहुतेक ठिकाणी बुलेट जोड असत : गोल टर्मिनल (तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा) गोल टर्मिनलात खुपसायचं, वरून पीव्हीसीचं टोपण. जपानी भागीदारीतल्या गाड्या आल्या तशी चपटी टर्मिनलं आणि अनेक तारा एकत्र बसवणारी हाउसिंग रुळली. ६.३ मिलिमीटरच्या टर्मिनलला भोसरीत आजही '२५०' म्हणतात आणि २.८ ला '११०'. हे इंचाचे हजारावे भाग. मापं बदलली, तोंडातली नावं राहिली. या ग्राहकाला अशी हाउसिंग जवळपास कुठे तरी बनवून हवी होती. वडिलांनी हो म्हटलं. मी तेव्हा नुकताच डिप्लोमा करून गाळ्यात येऊ लागलो होतो.

हाउसिंग हातात घेतलं तर प्लास्टिकचा ठोकळा वाटतो. सगळी करामत आत आहे. प्रत्येक तारेसाठी एक बोगदा, आणि त्या बोगद्याच्या भिंतीतून निघालेली एक लवचीक पट्टी, म्हणजे लॅन्स. टर्मिनल मागून ढकललं की लॅन्स दबते, टर्मिनल पुढे सरकतं, त्याची खिडकी लॅन्सच्या दातासमोर आली की लॅन्स टक् करून जागेवर उसळते. आता तार मागे ओढली तर दात अडवतो. दुसरी पद्धत उलटी : टर्मिनलच्या पत्र्यातूनच एक छोटी जीभ उचललेली असते आणि ती प्लास्टिकच्या पायरीत अडकते. ही पद्धत स्वस्त. पण क्रिम्प केलेल्या, म्हणजे टर्मिनल दाबून बसवलेल्या, तारांचा जुडगा एकमेकांत अडकला की त्या पत्र्याच्या जिभा वाकतात, आणि वाकलेली जीभ धरत नाही. शिवाय पाणी अडवायला रबरी सील असेल तर ती जीभ सीलमधून जाताना रबर फाडते. सीलवाल्या कपलरमध्ये म्हणूनच टर्मिनल गुळगुळीत अंगाचं आणि लॅन्स प्लास्टिकची. हे कळल्यावर आम्ही पत्र्याच्या जिभेची नवी कामं घेणं हळूहळू बंद केलं.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक प्रकार मात्र कोणत्याच लॅन्सने सुटत नव्हता, आणि त्याचं मूळ पाहायला मी ग्राहकाच्या लाइनवर जाऊन उभा राहायचो. हार्नेस बोर्डासमोर ताई उभ्या असतात. एका पाळीत त्यांच्या हातातून शेकडो टर्मिनलं जातात. नियम साधा : ढकला, ऐका, हलकेच ओढून बघा. पण शेजारी क्रिम्पिंग प्रेस धडधडतोय, कॉम्प्रेसर चालू आहे, कोपऱ्यात रेडिओ. टक् ऐकू येणार कशी? एखादं टर्मिनल अर्धा-पाऊण मिलिमीटर अलीकडेच थांबतं. बाहेरून पाहिलं तर बाकीच्यांसारखंच. बोर्डावरच्या टेस्टरची पिन त्याला टेकते, दिवा लागतो, हार्नेस पास. पुढे गाडीवर समोरचा कपलर जोडताना त्याची पिन या टर्मिनलला मागे रेटते. कधी तिथेही तग धरतं आणि मग दोन पावसाळ्यांनी स्पीडब्रेकरवर गाडी बंद पडते. गॅरेजवाला कपलर काढतो, फुंकर मारतो, परत बसवतो. गाडी चालू. त्यामुळे हा दोष कागदावर येतच नाही, आणि जो कागदावर येत नाही त्याचे पैसे कुणी देत नाही.

पूर्ण न सुटता नुसतं सैल राहिलेलं टर्मिनल तर आणखी वाईट. इंजिनाच्या थरथरीत ते मायक्रॉनच्या मापात सारखं पुढेमागे घासतं. वरचा कथलाचा मुलामा झिजतो, झिजलेल्या कणांचा ऑक्साइड होतो, तो त्याच ठिकाणी साचतो आणि रोध चढत जातो. हेडलाइटला हे चालून जातं, दिवा जरा पिवळा पडतो इतकंच. सेन्सरचा काही मिलिअँपिअरचा सिग्नल मात्र तिथे हरवतो.

मोठ्या जपानी आणि अमेरिकन कंपन्यांनी यावर उत्तर कधीच काढलेलं होतं : दुसरं लॉक. कारखान्यात त्याला टीपीए (टर्मिनल पोझिशन अशुरन्स) म्हणतात. वेगळ्या रंगाचा एक छोटा तुकडा हाउसिंगमध्ये अर्धवट बसवून पाठवतात. सगळी टर्मिनलं भरून झाली की तो पूर्ण दाबायचा. आम्ही त्यांची हाउसिंग कापून, भिंगाखाली ठेवून अभ्यास केला. तंतोतंत नक्कल करायची नव्हती. पेटंटची भीती होतीच, पण नक्कल करणाऱ्याला कुठली त्रिज्या का ठेवली हे माहीत नसतं, आणि साचा झिजल्यावर तीच त्रिज्या तो आधी घालवून बसतो.

यातली युक्ती मला अजूनही फार आवडते. लॅन्स दबायला तिच्या पाठीमागे मोकळी जागा ठेवावीच लागते. दुसरं लॉक नेमकं त्या जागेत शिरतं. टर्मिनल पूर्ण बसलं असेल तर लॅन्स सरळ, जागा रिकामी, लॉक सहज जातं. आणि एकदा गेलं की लॅन्सला दबायला वावच उरत नाही, त्यामुळे तारेची पकड बरीच वाढते. टर्मिनल अर्धवट असेल तर लॅन्स अजून दबलेलीच, जागा भरलेली, आणि लॉक बसतच नाही. म्हणजे बावीस-तेवीस वर्षांच्या ताईला कान देऊन जे ऐकावं लागत होतं ते आता अंगठ्याला कळतं. विक्रीला गेलो की ग्राहक पहिला प्रश्न विचारतो, किती न्यूटनला तार सुटते? मी म्हणतो तो आकडा देतो, पण आधी एक टर्मिनल मुद्दाम अर्धवट घाला आणि लॉक बसवून दाखवा. दुसऱ्या लॉकचं पहिलं काम धरणं नाही, नकार देणं आहे.

इथे धंद्यात दोन तट आहेत. काहींचं म्हणणं, लॉकला उतार द्यावा, म्हणजे ते अर्धवट टर्मिनलला पुढे ढकलून जागेवर बसवेल. कामगाराचा वेळ वाचेल. कागदावर बरोबर. पण थोडंसं राहिलेलं टर्मिनल ते ढकलतं आणि जास्त राहिलेल्यावर ते कुठे तरी मध्ये अडकतं. तेव्हा अंगठ्याला वाटतं, हे नेहमीसारखंच जरा घट्ट आहे, आणि माणूस जोर लावतो. मग लॅन्स चेपते आणि लॉक बसल्यासारखं दिसतं. आमचं लॉक ढकलत नाही. नीट भरलेल्या हाउसिंगवर ते हलक्या दाबाने बसतं आणि एक जरी टर्मिनल चुकलं तरी लागणारा दाब कित्येक पटींनी वाढतो. या दोन दाबांमध्ये जेवढी दरी जास्त तेवढं डिझाइन चांगलं, असं माझं मत. ग्राहकाचे इंजिनिअर यावर माझ्याशी अजून भांडतात.

हे सगळं बोलायला सोपं, स्टीलमध्ये उतरवायला नाही. औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकून आलेला एक डिझायनर आमच्याकडे आला तेव्हापासून खरं डिझाइन सुरू झालं. त्याने पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहिलेलं गणित अजून पुसलेलं नाही : लॅन्स तेवढीच दाबायची असेल तर जाडी दुप्पट केल्यावर मुळाशी ताण दुप्पट होतो, पण लांबी दुप्पट केली तर चौथाईवर येतो. आणि जाडी दुप्पट केली की दाबायला जोर आठपट लागतो. म्हणून बळकट लॅन्स हवी तर जाड करण्याआधी लांबी शोधायची. लांबी वाढवली की हाउसिंग लांब होतं, ग्राहक म्हणतो गाडीत जागा नाही. दाताचा कोनही तसाच. तो किंचित उलटा, मागे कललेला ठेवला तर तार ओढल्यावर लॅन्स निसटण्याऐवजी टर्मिनलात आणखी रुतते. पण उलटा कोन साच्यातून सुटायला हवा ना!

लॅन्सच्या खालून आणि वरून दोन बाजूंनी येणारे स्टीलचे बारीक कोअर साच्यात एकमेकांना टेकतात. त्या टेकण्यात दोन-तीन शतांश मिलिमीटरची फट पडली की पातळ फ्लॅश, म्हणजे फटीतून निघालेली प्लास्टिकची पापडी, येतो, आणि तो फ्लॅश नेमका लॅन्सच्या मागच्या मोकळ्या जागेत. मग सगळं नीट भरलेलं असूनही लॉक बसत नाही, आणि चांगलं हाउसिंग खोटा नकार देतं. लाइनवर असं दोनदा झालं की लोक लॉकवरचा विश्वास सोडतात आणि पेचकसाच्या मुठीने ठोकू लागतात. त्यामुळे आमच्याकडे फ्लॅश हा दिसण्याचा दोष नाही, पहिल्या यादीतला दोष आहे.

दाण्याचीही कथा आहे. नायलॉन ६६ साच्यातून निघतं तेव्हा कोरडंठाक आणि ठिसूळ असतं. हवेतलं पाणी शोषून चिवट होतं. एप्रिलमधल्या पुण्याच्या हवेत ते होता होत नाही, म्हणून माल पिशवीत भरून आत पाण्याचा शिपका मारून ठेवायची पद्धत सगळ्या भोसरीत आहे. पण पाणी प्यायलं की माप वाढतं. एका तारेच्या हाउसिंगला फरक पडत नाही, बारा तारांच्या लांब हाउसिंगला पडतो. तिथे आम्ही पीबीटी हे दुसरं प्लास्टिक वापरतो. त्याचं नखरेलपण वेगळं : बाहेर पाण्याला दाद देत नाही, पण दाणा १२० अंशांवर चार तास वाळवल्याशिवाय बॅरलमध्ये घातला तर आतली ओल त्याच्या साखळ्या तोडते. भाग दिसायला उत्तम निघतो आणि लॅन्स पहिल्याच दाबात मोडते. रात्रपाळीत हॉपर ड्रायर कुणी बंद तर केला नाही ना, याची काळजी मला ग्राहकाच्या ऑडिटपेक्षा जास्त असते.

धंदा वाढला तो मात्र आमच्या हुशारीपेक्षा कायद्यामुळे. एप्रिल २०१९ पासून दुचाकींना एबीएस किंवा सीबीएस ही ब्रेकची यंत्रणा सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा धुराचा नियम. कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं. त्यासोबत ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), ऑक्सिजन सेन्सर, थ्रॉटलचा सेन्सर, तापमानाचा सेन्सर, आणि प्रत्येकाला सीलवाला कपलर. ज्या गाडीत आधी एखादी तार सैल झाली तर हॉर्न वाजत नसे, त्या गाडीत आता इंजिनच बंद पडू लागलं. दुसरं लॉक तोवर 'असलं तर बरं' होतं, ते ड्रॉइंगवर छापून येऊ लागलं. नेमकं त्याच वेळी लॉकडाउन लागलं आणि तयार साचे काही महिने तेल लावून पडून राहिले, ते वेगळं.

पैशाचं बोललंच पाहिजे. मोठी नावं या धंद्यात कित्येक दशकं आहेत, टर्मिनल आणि हाउसिंग दोन्ही त्यांचं. आम्ही टर्मिनल बनवत नाही. प्रोग्रेसिव्ह डाय (पत्रा टप्प्याटप्प्याने कापून वाकवणारा साचा) आणि प्लेटिंगचा खर्च आमच्या आवाक्यात नाही. आम्ही जिथे टिकतो ती जागा लहान आहे : वर्षाला फार मोठी संख्या नसलेली कामं, ज्यांना मोठ्या कंपन्या हात लावत नाहीत. ट्रॅक्टर, पंपाचे पॅनेल, ई-रिक्षा, इलेक्ट्रिक स्कूटर बनवणारे नवे लोक. पुण्याच्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, साधारण तसाच दिसणारा कपलर आमच्या निम्म्या भावात मिळतो आणि त्यात दुसरं लॉक नसतं. जो ग्राहक हा फरक समजून घेत नाही त्याच्यामागे आम्ही आता धावत नाही. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे देण्याचा नियम कागदावर चांगला आहे. एवढंच म्हणतो.

सध्या ०.६४ मिलिमीटर टर्मिनलचं हाउसिंग टेबलावर आहे. इथे लॅन्स इतकी बारीक की नुसती तिची पाठ अडवून ओढ सोसली जात नाही. म्हणून यातलं दुसरं लॉक लॅन्सला हात न लावता टर्मिनलच्या मागच्या खांद्याला स्वतंत्र पकडतं. लॅन्स तुटली तरी तार जागेवर राहायला हवी. माल ट्रकमधून जाताना हादऱ्यांनी हे लॉक अर्ध्या जागेवरून आपोआप पूर्ण बसता कामा नये, हा त्यातला सध्याचा वादाचा मुद्दा. साच्याचे कोअर वायरकटला, म्हणजे तारेच्या ठिणगीने कापायला, गेले आहेत. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की त्याच आठवड्यात पहिले शॉट काढू.