लाइट गेल्यावर फ्रीझरमधल्या माशांचं काय?

"वहिनी, बाटल्या गोठवून ठेवल्या होत्या, तरी पापलेट मऊ पडलंच. असं कसं?" शेजारच्या ताईंनी विचारलं. हर्णै-दापोलीकडच्या सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

जूनमध्ये होड्या बंद, म्हणून मेअखेरीलाच घरोघरी फ्रीझर भरलेले असतात. आणि लाइट जाते तीही नेमकी तेव्हाच. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तर विजेचे खांबच आडवे झाले होते.

साध्या पाण्याच्या बाटल्यांची युक्ती खोटी नाही. किलोभर बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. तेवढ्या उष्णतेत शून्य अंशाचं किलोभर पाणी ८० अंशांपर्यंत तापलं असतं! आणि बर्फ पुरता वितळेपर्यंत त्याचं तापमान शून्यावरून हलत नाही. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. लसींच्या पेट्याही त्याच्याच जिवावर थंड राहतात.

अडचण अशी, की मासा उणे एक-दोन अंशांवरच सुटायला लागतो. बर्फ शून्यावर वितळू लागतो तोवर पापलेट मऊ पडलेलं असतं. म्हणून साध्या बर्फाच्या बाटल्या लाइट गेली की खालच्या कप्प्यात, दुधाजवळ ठेवायच्या. फ्रीझरसाठी शून्याच्या बरंच खाली वितळणारं काहीतरी हवं, आणि ते घरातच आहे: मीठ.

९०० मिली पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवा. हे पाणी उणे साडेसहाच्या आसपास गोठू लागतं. उणे १८ ला त्यातलं साधारण निम्मंच बर्फ होतं, म्हणजे थंडीचा साठा साध्या बर्फापेक्षा कमी. पण तो माशाला हवा तिथे, शून्याखाली खर्च होतो. जास्त मीठ मात्र घालू नका. २३ टक्क्यांचं पाणी उणे २१ पर्यंत गोठतच नाही, घरच्या फ्रीझरमध्ये ते नुसतं पाणीच राहतं. बाटलीत वर जागा सोडा, गोठताना पाणी फुगतं. वर 'मीठ' असं ठळक लिहा, नाहीतर मुलं पितील.

बांगडा आणि कुपा यांच्या बाबतीत मात्र माझं ऐकाच. हे मासे सुटून काही तास उबेत राहिले, तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचं, विषबाधा करणारं द्रव्य तयार होतं. वास येईलच असं नाही, आणि कितीही शिजवलं तरी ते जात नाही. असा बांगडा कितीही महागाचा असो, टाकून द्या.